हिमात अडकलेल्या मोटारीची शिदोरी

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत हिवाळ्यातील लाहौल हा प्रदेश मैदानी मुलखातील मोटारचालकाच्या विचारकक्षेत येतच नव्हता. कारण ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिमाने एकदा बुजली, की पुन्हा रस्ता मोकळा होईपर्यंत तिकडे मोटार नेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने खिंडीचा अडसर दूर केला आणि नाताळच्या सुटीत महाराष्ट्रातून हिमाचलात जाणारी कुटुंबेही आता सिस्सू-केलाँगपर्यंतचे बेत आखू लागली. परंतु बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी पडणारे हिम पूर्वीइतकेच पडते. २०२४ च्या डिसेंबरच्या उत्तरार्धात सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान सुमारे एक हजार वाहने हिमवर्षावात अडकून पडली आणि पोलिसांना प्रवाशांची सुटका करावी लागली.

अशा प्रवासास निघताना आपण बरोबर जो सरंजाम घेतो, म्हणजे स्टेपनी, जॅक, टोचन करण्याचा दोर, जम्पर केबल इत्यादी, तो सर्व मोटार पुन्हा चालू व्हावी या हेतूने जमविलेला असतो. हे जिन्नस अवश्य घ्यावेत. पण पुढे शेकडो वाहनांची रांग निश्चल उभी असताना आपली मोटार निर्दोष असूनही तिचा उपयोग नसतो, आणि मग प्रश्न यंत्राचा न राहता, शून्याखालील तापमानात लोखंडी पेटीत एक संपूर्ण रात्र काढणाऱ्या मनुष्यदेहाचा होतो. हिवाळी प्रवासाची यादी या रात्रीच्या हिशेबाने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्या यादीत पहिले नाव मी फावड्याचे घालीन.

फावडे चाकाभोवतालचे हिम उपसण्यासाठी लागते, हे कोणीही सांगेल. त्याचे खरे महत्त्व मोटारीच्या मागील बाजूस, सायलेन्सरच्या तोंडाशी आहे. इंजिनातील इंधनाचे ज्वलन कधीच पूर्ण होत नाही, आणि त्या अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वर्णहीन, गंधहीन वायू निर्माण होतो. आधुनिक मोटारीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचे बहुतांशी निरुपद्रवी वायूत रूपांतर करतो हे खरे, परंतु ते यंत्र काहीशे अंश तापल्यावाचून आपले काम करीत नाही. थंड इंजिन सुरू करून जागच्या जागी चालू ठेवले असता आरंभीची काही मिनिटे हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. सायलेन्सरचे तोंड हिमाने बुजलेले असेल, तर तो मोटारीच्या तळाशी साचून बारीकसारीक फटींतून आत शिरतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी या वायूचा संयोग होतो आणि त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याचे रक्ताचे सामर्थ्य नष्ट होते, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. हिमोग्लोबिनला असलेली या वायूची ओढ प्राणवायूच्या ओढीच्या दोनशे पटींहून अधिक आहे. म्हणूनच हवेतील अत्यल्प अंशही घातक ठरतो. त्यात तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असल्याने शरीर आधीच प्राणवायूच्या तुटवड्यात असते. डोके दुखणे, मळमळणे, ग्लानी येणे ही या विषबाधेची लक्षणे आणि उंचीमुळे होणाऱ्या त्रासाची लक्षणे इतकी सारखी, की दमलेला प्रवासी त्यांना शिणवटा समजून डोळे मिटतो.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात अडकलेल्या मोटारींतून वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील अनेकांचा बळी थंडीपेक्षा या वायूनेच घेतला असावा असे तेथील जाणकारांचे अनुमान होते. उष्णतेसाठी हीटर लावावा आणि त्याच हीटरच्या आश्रयाने मृत्यू यावा, याहून दुःखद प्रसंग कोणता? यावर तोड आहे आणि ती अवघड नाही. तासातून सुमारे दहा मिनिटेच इंजिन चालवावे. प्रत्येक वेळी ते सुरू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरभोवतालचे हिम काढावे. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खाणकामगारांना छोटे पक्षी वा उंदीर बरोबर नेण्यास सुचविले होते, कारण जलद श्वसनामुळे त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाआधी दिसतो. आज तेच काम करणारे, सेलवर चालणारे सूचक यंत्र मिळते, आणि त्याचा समावेश या सरंजामात करणे मला अत्यावश्यक वाटते.

दहा मिनिटांची ऊब उरलेली पन्नास मिनिटे टिकवावी कशी? स्वस्थ बसलेले मानवी शरीर सुमारे शंभर वॅट उष्णता निर्माण करते. चार माणसांची ही चारशे वॅटची कमाई तुच्छ नव्हे. पण पत्रा आणि काच यांच्यासारखे उष्णतावाहक पदार्थ ती झपाट्याने उधळून टाकतात. म्हणून मोटार तापविण्यापेक्षा देहाभोवती स्थिर हवेचा थर अडकवून ठेवणे हा किफायतीचा मार्ग, आणि लोकर तेच करते. आपल्याकडील धनगरी घोंगडी या कामी उत्तम; लोकर बरेच बाष्प शोषूनही उबदार राहते, तर सुती चादर ओली होताच तिच्या धाग्यांमधील हवेची जागा पाणी घेते व ती उलट शरीराची उष्णता ओढू लागते. चकाकणारे पातळ धातुलेपित पांघरूण अंगातून प्रारित होणारी उष्णता परतवते आणि वारा अडवते, परंतु त्याला स्वतःची जाडी नसल्याने ते घोंगडीच्या वरून घ्यावे, अंगालगत घेऊ नये.

तहान लागली म्हणून भोवतालचे हिम खाण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात शोधलेल्या अप्रकट उष्णतेच्या तत्त्वावरून करता येतो. शून्य अंशाचे एक किलो हिम वितळण्यास ८० किलोकॅलरी लागतात, आणि ते पाणी देहाच्या तापमानास आणण्यास आणखी ३७. म्हणजे ११७ किलोकॅलरी. स्वस्थ शरीराची ताशी उष्णता सुमारे ८६ किलोकॅलरी. एक किलो हिम खाणाऱ्याने आपली सव्वा तासाहून अधिक वेळची ऊब त्याच्या स्वाधीन केलेली असते. तेव्हा थर्मासमध्ये गरम पाणी आणि गोठणार नाही अशा रीतीने कपड्यांत गुंडाळलेली पाण्याची बाटली बरोबर असावी. चिक्की, खजूर, बेसनाचे लाडू हे शिजविल्यावाचून खाता येणारे पदार्थ असावेत.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण ही तजवीज घरून निघण्यापूर्वीच करावयाची आहे. उष्ण प्रदेशात रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याचा शिरस्ता अनेकांचा असतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि इंजिनाचे ओतीव लोखंडसुद्धा त्यापुढे तडकते. निम्मे पाणी व निम्मे इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण मात्र उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहते. बॅटरी पूर्ण भारित असावी, कारण थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते, आणि विसर्जित बॅटरीतील विरल आम्ल तर शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठू लागते. मैदानी प्रदेशात भरलेल्या डिझेलमधील मेण थंडीत स्फटिकरूप होऊन फिल्टर बुजवते. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले ते याच कारणास्तव. चाकांच्या साखळ्यांची तर हयगयच करू नये: ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी जी मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून नऊ-दहा मीटरांत थांबते, तीच गुळगुळीत बर्फावर साठ मीटरांहून अधिक घसरत जाते.

अडकल्यावर मदतीच्या शोधार्थ पायी निघू नये. घोंघावत्या हिमात दहा पावलांवरील मोटारही दिसेनाशी होते, आणि शोधपथकाला माणसापेक्षा वाहन लवकर सापडते. एरियलला वा आरशाला भडक तांबडे फडके बांधावे, टॉर्च हाताशी ठेवावा, आणि मोबाइल व त्याची पॉवर बँक सदऱ्याच्या आतील खिशात ठेवावी, कारण लिथियमचे सेलही थंडीत तात्पुरते निर्बल होतात. नित्याची औषधे एका दिवसापेक्षा अधिक पुरतील इतकी घ्यावीत. हा सर्व सरंजाम, विशेषतः फावडे, डिकीत न ठेवता आसनाखाली ठेवावा; रात्रभर हिम पडल्यावर डिकीचे झाकण गोठून बसते, आणि ते उघडण्यासाठी लागणारे फावडे त्याच झाकणाखाली राहता कामा नये.