फडके (आडनाव)

फडके हे एक मराठी आडनाव आहे. ते प्रामुख्याने कोकणस्थ ब्राह्मण समाजात आढळते. याच रूपाचा सामान्य शब्द मराठीत रोजच्या वापरात असून संदर्भावाचून त्याचा अर्थ संदिग्ध राहू शकतो.

शब्दार्थ

'फडके' हे नपुंसकलिंगी नाम आहे. पुसण्यासाठी, झाकण्यासाठी किंवा शिदोरी बांधण्यासाठी वापरायचा कापडाचा तुकडा, असा त्याचा अर्थ होतो. त्याचे अनेकवचन 'फडकी'. याच अर्थाने 'फडका' हे पुल्लिंगी रूपही रूढ आहे. याशिवाय 'फडकणे' या क्रियापदाचे 'फडके' (फडकतो) हे रूप काव्यात आढळते. उच्चारसाम्यावरून आडनावाची व्युत्पत्ती या शब्दांशी जोडणे मात्र पुराव्यावाचून योग्य ठरत नाही.

व्याकरण

विभक्तिप्रत्यय लागताना नाम व आडनाव या दोहोंचे सामान्यरूप 'फडक्या-' असेच होते. 'फडक्याने पुसले' येथे कापड अभिप्रेत असते. व्यक्तीचा उल्लेख आदरार्थी अनेकवचनात, म्हणजे 'फडक्यांनी लिहिले' असा होतो. अलीकडच्या औपचारिक लेखनात आडनाव अविकृत ठेवून 'फडके यांनी' असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्यामुळे अर्थाचा गोंधळही टळतो.

उल्लेखनीय व्यक्ती

* हरिपंत फडके (मृत्यू १७९४) – पेशवाईतील सेनानी. बारभाईंच्या कारभारात नाना फडणीसांचे विश्वासू सहकारी. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी मराठी फौजेचे नेतृत्व केले.
* वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३) – आद्य क्रांतिकारक. जन्म पनवेलजवळील शिरढोण येथे. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करीत असता ते ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे राहिले. दुष्काळाने होरपळलेल्या प्रदेशात रामोशी व इतर साथीदारांना संघटित करून त्यांनी १८७९ मध्ये सशस्त्र उठाव केला. जन्मठेपेची शिक्षा भोगत असता एडन येथे त्यांचा मृत्यू झाला.
* रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२) – शिल्पकार. मुंबईतील गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा ही त्यांची प्रसिद्ध कलाकृती. त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ धार येथे होते.
* नारायण सीताराम फडके (१८९४–१९७८) – कादंबरीकार, लघुनिबंधकार व समीक्षक. 'कलेसाठी कला' या भूमिकेचे पुरस्कर्ते, वि. स. खांडेकरांच्या 'जीवनासाठी कला' या भूमिकेशी त्यांचा वाद मराठी समीक्षेत महत्त्वाचा मानला जातो. १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.
* सुधीर फडके (१९१९–२००२) – गायक व संगीतकार, 'बाबूजी' या नावाने परिचित. मूळ नाव राम. पुणे आकाशवाणीवर १९५५ पासून प्रसारित झालेल्या, ग. दि. माडगूळकरलिखित 'गीतरामायणा'चे संगीतकार. दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यातही त्यांचा सहभाग होता. संगीतकार श्रीधर फडके हे त्यांचे पुत्र.
* यशवंत दिनकर फडके (१९३१–२००८) – इतिहाससंशोधक व राज्यशास्त्राचे अभ्यासक. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' या बहुखंडी ग्रंथाचे लेखक. २००० च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

नामसाम्याविषयी

ना. सी. आणि य. दि. हे दोघेही लेखक व संमेलनाध्यक्ष असल्याने केवळ 'फडके' असा उल्लेख केल्यास वाचकाची गल्लत होऊ शकते. म्हणून संदर्भ देताना आद्याक्षरे अवश्य लिहावीत. समान आडनाव हा नातेसंबंधाचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

स्थलनामे

पुण्यातील फडके हौद आणि डोंबिवलीतील फडके रस्ता ही या आडनावाची परिचित स्थलनामे आहेत. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणाईची मोठी गर्दी जमते.