छिन्नमनस्कतेतील श्रवणभासांवर मेंदूचे बाह्य उद्दीपन

मेंदूचे बाह्य उद्दीपन म्हणजे शस्त्रक्रिया न करता, डोक्याच्या बाहेरून चुंबकीय क्षेत्र किंवा सौम्य विद्युतप्रवाह वापरून मेंदूच्या ठरावीक भागाचे कार्य वाढवण्याची अथवा मंदावण्याची वैद्यकीय पद्धत होय. छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या आजारात औषधे नियमित घेऊनही ज्यांचे श्रवणभास थांबत नाहीत, अशा रुग्णांसाठी या पद्धतीचा अभ्यास १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होत आहे. हा उपचार औषधांना पूरक आहे, पर्यायी नाही.

श्रवणभास

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून अधिक लोकांना छिन्नमनस्कता आहे. त्यांपैकी बहुसंख्यांना आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर, कोणी बोलत नसतानाही आवाज ऐकू येतात. हे आवाज कधी रुग्णाच्या वागण्यावर शेरे मारतात, कधी आपसांत बोलतात, तर कधी आज्ञा देतात. रुग्णाला ते खऱ्या आवाजांइतकेच स्पष्ट वाटतात. त्यामुळे ‘तिकडे लक्ष देऊ नकोस’ या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. सतत अवहेलना किंवा आज्ञा करणारे आवाज झोप, शिक्षण व नोकरी यांवर परिणाम करतात आणि काही वेळा रुग्णाला आत्महत्येकडे ढकलतात.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये जीन डिले आणि पिअर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचे परिणाम नोंदवले. तेव्हापासून औषधे हाच या आजाराच्या उपचाराचा पाया आहे. परंतु अंदाजे चौथा हिस्सा रुग्णांचे भास औषधांनी पुरेसे आटोक्यात येत नाहीत. अशांना सामान्यतः क्लोझापिन दिले जाते. त्यानंतरही आवाज उरतात तेव्हा अन्य मार्गांचा विचार होतो.

सैद्धांतिक आधार

मनुष्य मनातल्या मनात बोलतो तेव्हा ‘हे माझेच बोलणे आहे’ अशी पूर्वसूचना मेंदूतील वाणीशी संबंधित भागाकडून श्रवणाशी संबंधित भागाकडे जाते, असे मानले जाते. या सूचनेमुळे स्वतःचे शब्द परके वाटत नाहीत. छिन्नमनस्कतेत ही सूचना दुबळी पडत असावी आणि म्हणून स्वतःचाच अंतर्गत संवाद दुसऱ्याचा आवाज म्हणून अनुभवास येत असावा, असा एक प्रभावी सिद्धान्त आहे. भास होत असताना घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये वाणी व श्रवण यांच्याशी संबंधित भाग सक्रिय झालेले अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे डाव्या कानाच्या वर, किंचित मागे, शंखखंड आणि पार्श्वखंड यांच्या सीमेवर असलेला भाग उपचाराचे प्रमुख लक्ष्य ठरला. हा भाग शांत केल्यास आवाजही शमतील, ही त्यामागील अपेक्षा होय.

चुंबकीय उद्दीपन

ही पद्धत मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालते. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर तीव्र विद्युतप्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते कवटीतून विनासायास पार होते आणि मेंदूच्या पृष्ठभागालगत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते. या क्षेत्राची तीव्रता साधारण १.५ ते २ टेस्ला असते आणि त्याचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. मानवी मेंदूसाठी उपयुक्त असे आधुनिक यंत्र इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तयार केले.

सेकंदाला सुमारे एक स्पंद या संथ गतीने दिलेले उद्दीपन त्या भागाची उत्तेजनशीलता सामान्यतः कमी करते, तर जलद गतीचे उद्दीपन ती वाढवते. या गुणधर्माचा आधार घेऊन अमेरिकेतील येल विद्यापीठाचे राल्फ हॉफमन यांनी १९९९ मध्ये तीन रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. तिघांचेही आवाज कमी झाले होते. पुढील वर्षी १२ रुग्णांवरील नियंत्रित अभ्यासातही अनुकूल निष्कर्ष आले आणि या विषयाकडे जगभरच्या संशोधकांचे लक्ष वेधले गेले.

विद्युत उद्दीपन

दुसऱ्या पद्धतीत ओलसर स्पंजात बसवलेले दोन विद्युत अग्र डोक्यावर ठेवून १ ते २ मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाह सलग सोडला जातो. धनाग्राखालील भागाची उत्तेजनशीलता बहुधा वाढते आणि ऋणाग्राखालील भागाची घटते. फ्रान्समधील लिआँ येथे जेरोम ब्रुनलँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऋणाग्र वरील सीमाभागावर आणि धनाग्र डाव्या ललाटखंडावर ठेवून पाच दिवस, दिवसातून दोनदा, २० मिनिटे प्रवाह दिला गेला. उपचार मिळालेल्या गटात भासांची तीव्रता सरासरी सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत या पद्धतीवर संशोधन झाले असून तेथील २०१८ मधील नियंत्रित अभ्यासाचा निष्कर्षही अनुकूल होता.

परिणामकारकतेविषयी मतभेद

अशा उपचारांची कसोटी ‘लटक्या उपचारा’शी तुलना करून पाहिली जाते. लटक्या उपचारात यंत्र डोक्याला लावले जाते, त्याचा आवाज किंवा मुंग्याही जाणवतात, पण मेंदूपर्यंत प्रभावी उद्दीपन पोहोचत नाही. नेदरलँड्समध्ये ६२ रुग्णांवर झालेल्या चुंबकीय उद्दीपनाच्या अभ्यासात (२०११) खरा उपचार लटक्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. विद्युत उद्दीपनाच्या ५४ रुग्णांवरील अभ्यासात (२०१८) दोन्ही गटांचे भास कमी झाले, पण गटांमध्ये अर्थपूर्ण फरक दिसला नाही. आशा, रोजची भेट आणि उपचारकांचे लक्ष यांचाही रुग्णावर परिणाम होतो, हे त्यावरून लक्षात येते. म्हणूनच ‘उपचारानंतर बरे वाटले’ एवढ्यावरून पद्धतीची परिणामकारकता सिद्ध होत नाही. रुग्णागणिक कवटीची जाडी, मेंदूची रचना व चालू औषधे भिन्न असणे, तसेच लक्ष्यभाग व मात्रा यांत एकवाक्यता नसणे, ही निष्कर्षांतील तफावतीची संभाव्य कारणे होत.

सुरक्षितता

चुंबकीय उद्दीपनानंतर डोकेदुखी किंवा टाळूवर दुखरेपणा जाणवू शकतो. अपस्मारासारखा झटका हा गंभीर दुष्परिणाम विरळ आहे. तरीही पूर्वी झटके आलेल्यांच्या बाबतीत विशेष दक्षता घेतात. डोक्यात धातूचे तुकडे, क्लिपा किंवा श्रवणयंत्राचे रोपण असल्यास हा उपचार टाळला जातो. विद्युत उद्दीपनात खाज, मुंग्या व त्वचेचा लालसरपणा हे बहुधा तात्पुरते त्रास होतात.

‘शॉक’शी असलेला फरक

या उपचारांची विद्युतआघात उपचाराशी, म्हणजे बोली भाषेतील ‘शॉक’शी, गल्लत केली जाते. विद्युतआघात उपचारात रुग्णाला भूल देऊन मेंदूत मुद्दाम झटका निर्माण केला जातो. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता तो करण्यास भारतातील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार बंदी आहे. बाह्य उद्दीपनात झटका निर्माण करायचा नसतो, भूल लागत नाही आणि रुग्ण पूर्ण जागा असतो.

सद्यःस्थिती

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चुंबकीय उद्दीपनाला नैराश्यासाठी २००८ मध्ये मान्यता दिली. नैराश्यासाठी मिळालेली ही मान्यता श्रवणभासांवरील परिणामकारकतेचा पुरावा ठरत नाही. या भासांसाठी बाह्य उद्दीपनाचा विचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, औषधे चालू ठेवूनच केला जातो. औषधे परस्पर बंद केल्यास आजार पुन्हा उफाळण्याचा धोका वाढतो.