चाळिशीनंतरची ताकद : लेखांक ४
वजन वाढवायचं किती आणि कधी?

मागच्या आठवड्यात म्हटल्याप्रमाणे रक्तदाब-साखर तपासून झाली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. आता तक्ता निवडायचा. मोबाइलवर शोधायला बसलं की ढीगभर तक्ते सापडतात आणि बहुतेकांत व्यायाम तेच असतात : स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग. त्यामुळे व्यायामांची यादी बघून तक्ता निवडण्यात अर्थ नाही. वजन किती आणि किती दिवसांनी वाढवायला सांगितलंय, ते आधी बघा.

हळूहळू वजन वाढवण्याच्या पद्धतीला शास्त्रीय शिस्त लागली ती एका लष्करी रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोत डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या अशक्त झालेल्या मांड्यांवर काम करत होते. अशा रुग्णांना तोवर हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला देत. डीलॉर्म यांनी वजन जड ठेवलं आणि ताकद येईल तसं ते वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिला तीन सेटचं रूप आलं : जे वजन जेमतेम १० वेळा उचलता येतं त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. आजही ट्रेनर ‘तीन सेट मारा, सर’ म्हणतो, ती रीत मुळात दुखण्यातून उठणाऱ्यांसाठी बसवलेली आहे. मध्यमवयात परतणाऱ्याला मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता ‘स्ट्राँगलिफ्ट्स फाइव्ह बाय फाइव्ह’ हा नवशिक्यांचा लोकप्रिय तक्ता घ्या. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट आणि दर वेळी अडीच किलोची वाढ. चार आठवड्यांत ३० किलो! विशीत हे पचतं. पंचेचाळिशीत पहिले काही आठवडे तेही सुरेख जातात, आणि खरा धोका तिथेच आहे. तरुणपणी व्यायाम केलेला असेल तर गेलेली ताकद नवख्यापेक्षा लवकर परत येते. स्नायू तयार होतात. पण ते हाडाला जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली सकाळी उठल्यावर ठणका जाणवायला लागतो. तक्ता मात्र पुढचे अडीच किलो लावायला सांगत असतो.

जिम वेंडलर यांच्या ‘फाइव्ह-थ्री-वन’मध्ये जास्तीत जास्त जे वजन उचलता येतं, त्याच्या ९० टक्के धरून हिशोब सुरू होतो आणि वाढ साधारण चार आठवड्यांच्या फेरीनंतर. ही चाल आपल्या वयाला मानवते. मात्र तो तक्ता अनुभवी माणसाचा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने डंबेलवरच भागवावं. आठ किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉटचे तीन सेट, प्रत्येकी आठ आवर्तनं. पुढच्या खेपेला जमलं तर नऊ, मग दहा. तिन्ही सेटमध्ये बारा नीट झाली की दहा किलोचा डंबेल उचला आणि पुन्हा आठवर या. अजून दोन मारता आली असती, असं वाटत असतानाच सेट थांबवा. उठताना वेग मंदावला, श्वास कोंडला की समजा, तो टप्पा ओलांडला.

याचा अर्थ कायम हलकंच उचलत राहा, असा मुळीच नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धालयात राहणाऱ्या मंडळींना आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम दिला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नऊजणच होते, पण ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

दिवसांचं गणित सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सुचवते. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ अशी सहा दिवसांची वाटणी नोकरी-घर सांभाळणाऱ्याने घेऊच नये. एक दिवस बुडाला की तो भाग आठवडाभर राहून जातो. दोन किंवा तीन दिवस, दर वेळी पूर्ण शरीर, मध्ये एक दिवस विश्रांती.

आणि खाडे गृहीत धरा. गणपतीत दहा दिवस गेले, ऑडिटच्या महिन्यात दोन आठवडे गेले, तर परत येताना वजन दहा-वीस टक्के खाली आणा आणि तिथून चढा. खाड्यांनंतर काय करायचं, हे ज्या तक्त्यात लिहिलेलं नाही, तो घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात : गुडघे कुरकुरत असताना स्क्वॉट कसा शिकायचा.