शुक्रतारा : रेडिओवरून घराघरांत गेलेले प्रेमगीत

इंग्रजी रॉक संगीतात प्रेमगीताला जो मान आहे, तो मराठीत प्रामुख्याने भावगीताकडे आला. भावगीत म्हणजे चित्रपटातील प्रसंगाचा किंवा नाटकातील पात्राचा आधार न घेता, केवळ तिच्यातील भावनेसाठी स्वरबद्ध केलेली छोटी कविता. या प्रकारात ‘शुक्रतारा मंद वारा’ या युगुलगीताइतके दीर्घ आयुष्य फार थोड्या गाण्यांना लाभले आहे.

हे गीत 1962च्या सुमारास आकाशवाणीमुळे श्रोत्यांपर्यंत पोहोचले. मूळचे वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर यांचे शब्द आणि बडोद्यात वाढलेले श्रीनिवास खळे यांचे संगीत, असा हा योग होता. परंतु गाण्याचे वेगळेपण ठरवले ते गायकांच्या निवडीने. 1934 साली इंदूरला जन्मलेले अरुण दाते हे तेथील प्रसिद्ध रसिक रामूभैया दाते यांचे पुत्र. त्यांना कुमार गंधर्वांचे मार्गदर्शन लाभले होते, शिक्षण वस्त्रोद्योग अभियांत्रिकीचे होते, आणि रेडिओवर ते उर्दू गझल गात असत. ती गझल ऐकून खळ्यांनी त्यांना मराठी गाण्यासाठी गाठले, तेव्हा आपल्या इंदुरी वळणाच्या मराठीला हे जमेल का, अशी शंका दात्यांना होती आणि ते सहजासहजी तयार झाले नाहीत. सहगायिका सुधा मल्होत्रा तर हिंदीतल्या. ‘दीदी’ (1959) या चित्रपटात मुकेश यांच्यासह गायलेल्या ज्या गीतामुळे त्या आजही ओळखल्या जातात, त्याची चालही त्यांनीच बांधली होती. महाराष्ट्राबाहेर घडलेल्या या दोन आवाजांनी मराठी प्रेमगीताला नवे वळण द्यावे, हे खळ्यांच्या कानाचे मोठे यश मानले पाहिजे.

गझल गाणारा शब्दाला जपून हाताळतो, स्वर उंच नेण्यापेक्षा शब्दाचा अर्थ उलगडण्यासाठी थांबतो, आणि नेमकी हीच सवय दात्यांनी मराठीत आणली. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी संगीत नाटकातील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे, त्यामुळे तेथील प्रेमही खड्या स्वरात आणि तानांसह व्यक्त होई. मायक्रोफोनने ही गरज संपवली. ओठांजवळच्या यंत्राला हलका स्वरही ऐकू येत असल्याने, दोन माणसे एकमेकांशी बोलतात त्या पट्टीत प्रेमगीत गाता येऊ लागले, आणि या गीतात स्त्री केवळ वर्णनाचा विषय न राहता बरोबरीने बोलू लागली. याच सुमारास, ऑक्टोबर 1962 मध्ये, लिव्हरपूलच्या बीटल्स या चौघांची पहिली ध्वनिमुद्रिका इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली आणि तीही प्रेमगीताचीच होती. तेथे गाणारेच गीत रचत आणि वाद्ये वाजवत; येथे कवी, संगीतकार आणि गायक वेगळे होते आणि त्यांना एकत्र आणणारी संस्था सरकारी नभोवाणी होती.

नभोवाणीचे हे महत्त्व मराठवाड्यातील गावांकडे पाहिले की अधिक स्पष्ट होते. परतूर तालुक्यातील आष्टी आज जालना जिल्ह्यात असली, तरी 1981 साली हा जिल्हा निर्माण होईपर्यंत तो तालुका परभणीत होता, आणि 1948 पर्यंत तर हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. ध्वनिमुद्रिका आणि त्या वाजवणारे यंत्र बाळगणारी घरे मोजकीच असलेल्या अशा भागात, मुंबई-पुण्याच्या मैफलींपासून दूर असलेल्या श्रोत्याला तेच गाणे तितक्याच निगुतीने ऐकवण्याची सोय रेडिओनेच केली. पुढे परभणीलाही आकाशवाणी केंद्र झाले. भावगीताला केवळ शहरी मध्यमवर्गाची मिरास समजणारी समीक्षा ही बाजू विचारात घेत नाही.

गाण्याचा पुढचा प्रवास रंगमंचावरचा आहे. दात्यांनी त्याच्याच नावाने ‘शुक्रतारा’ हा कार्यक्रम सुरू केला, त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले, आणि सहगायिका बदलत गेल्या तरी हे युगुलगीत कायम राहिले. यशवंत देवांच्या संगीतातील पाडगावकरांची इतर गीतेही दात्यांच्या आवाजात लोकप्रिय झाली. खळ्यांना 2010 साली पद्मभूषण मिळाले. 2011 मध्ये ते, 2015 मध्ये पाडगावकर आणि मे 2018 मध्ये दाते निवर्तले.

आजही हौशी गायक स्नेहसंमेलनात हे गीत निवडतात, कारण चाल ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्ष गाताना मात्र श्वास कोठे घ्यावा, ओळीच्या शेवटी स्वर कितपत सैल सोडावा आणि दुसऱ्या आवाजासाठी जागा कशी ठेवावी, याची परीक्षा पहिल्याच कडव्यात सुरू होते.