तीन महिन्यांचं रेशन एकदम घरात आलं तर? धान्य किडीपासून कसं वाचवायचं, समजून घ्या

यवतमाळ : जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला. अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा वेळी किराणा दुकान जवळ असून उपयोग नसतो. घरात जे आहे, त्यावरच चूल पेटते.

२०२५ च्या पावसाळ्यापूर्वी जून ते ऑगस्ट असं तीन महिन्यांचं रेशन एकदम देण्याचा निर्णय झाला. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घरात ७५ किलो धान्य. एवढं धान्य ऐन दमट दिवसांत घरात ठेवायचं. त्याला सोंडे लागले, तर साठा असून नसल्यासारखाच.

सोंडे येतात कुठून?

बरेचदा ते धान्यासोबतच घरात येतात. मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडी घालते आणि भोक बुजवते. दाणा वरून स्वच्छ दिसतो. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की साधारण महिनाभरात नवे सोंडे बाहेर पडतात. विदर्भात ऊब कमी करणं आपल्या हातात नाही. ओलावा आणि हवा मात्र आहे.

आधी वाळवा, मगच भरा

हा क्रम चुकवू नका. ओलसर धान्य हवाबंद केलं तर सोंडे मरतील, पण बुरशी येईल. गहू, ज्वारी आणि डाळी मे महिन्याच्या उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा. तांदूळ कडक उन्हात तडकतो, म्हणून तो सावलीत वाऱ्यावर पसरा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे.

आणखी एक चाचणी : कोरड्या काचेच्या बरणीत धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. १५ मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेलं दिसलं, तर धान्य ओलं आहे.

वाळवलेलं धान्य रात्रभर थंड होऊ द्या. गरम धान्य कोंडलं की झाकणाला आतून पाणी सुटतं.

कशात भरायचं?

- शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या : धुऊन पूर्ण वाळवा. २ लिटरच्या बाटलीत दीड किलो तांदूळ सहज मावतो. काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी उरते.
- स्टीलची कोठी : झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावा. कोठी वारंवार उघडू नका. रोजच्यासाठी वेगळा डबा ठेवा.
- ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पिशव्या : यात ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकतात. पुडीतली लोखंडाची भुकटी गंजताना ऑक्सिजन ओढून घेते आणि किडी गुदमरतात. साधारण ४ लिटरच्या पिशवीला ३०० सीसीची एक पुडी पुरते. पिशवीचं तोंड इस्त्रीने चिकटवा.

सिलिका जेलची पुडी वेगळी. ती ओलावा शोषते, ऑक्सिजन नाही. साखर आणि मिठाला ऑक्सिजनची पुडी लागत नाही. तिने साखरेचा दगड होतो.

पीठ, शेंगदाणे दीर्घ साठ्यात ठेवू नका. त्यातलं तेल खवट होतं. दळण लागेल तसंच आणा.

ही चूक जिवावर बेतते

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात वापरू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्यांचा जीव घेऊ शकतो. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी त्यात धान्य भरू नका. २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने याच जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. हे विष स्वयंपाकघरापासून लांबच हवं.

आजीचे उपाय मात्र चालतात : सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, किंवा डाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल.

किती साठवायचं?

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य धरा. पाच जणांना दोन आठवड्यांसाठी २८ किलो होतं. डाळ, तेल, मीठ वेगळं. गॅस किंवा सरपण नसेल तर काय, हाही विचार हवा. म्हणून फुटाणे, मुरमुरे, गूळ सोबत ठेवा.

साठा जमिनीवर नको. उंच फळीवर, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. टिनाखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, तो टाळा. पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवूनही खाऊ नका.

पावसाळ्यात रेशन आलं तर?

उघडीप मिळेल तेव्हा वाळवा. वाळलंच नाही, तर ते कोंडू नका. पोतं लाकडी पाटावर ठेवा आणि आधी तेच वापरा. उन्हाळ्यात वाळवून भरलेला साठा अडचणीसाठी राखा.

प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहा. दरवर्षी जुनं खायला काढा, नवं भरा. पूर येईल की नाही, सांगता येत नाही. तो आला नाही, तरी या पद्धतीत एक दाणाही वाया जात नाही.