गर्भजल परीक्षेची सत्तर वर्षे

गर्भजलाची रासायनिक घडण गरोदरपणात सतत पालटत असते. दहाव्या आठवड्यात ते जेमतेम 30 मिलिलिटर भरते. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास 800 ते 1000 मिलिलिटरपर्यंत वाढते आणि पुढे घटू लागते. सुरुवातीला त्यातील क्षार आईच्या रक्तद्रवाशी मिळतेजुळते असतात. गर्भाची त्वचा घट्ट झाली की गर्भजल मुख्यतः गर्भाच्या लघवीतून बनते. मग त्यातील सोडियम उतरते, युरिया आणि क्रिएटिनिन चढते.

या चढउतारांचा निदानासाठी उपयोग 1952 पासून होऊ लागला. आरएच रक्तगट न जुळणाऱ्या गरोदरपणात गर्भाच्या तांबड्या पेशी फुटून गर्भजलात बिलिरुबिन उतरते, हे मँचेस्टरचे डग्लस बेव्हिस यांनी दाखवले. न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी 1961 मध्ये त्याच्या मोजमापाचा आलेख दिला. 1971 मध्ये लुई ग्लुक यांनी लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन यांचे प्रमाण तपासले. हे प्रमाण साधारण पस्तिसाव्या आठवड्यात दोनवर पोचते; त्यावरून बाळाची फुप्फुसे श्वासाला तयार झाली हे कळते. 1972 मध्ये एडिंबरोत अल्फा-फीटोप्रोटीनच्या वाढीवरून मज्जारज्जूचे दोष ओळखता आले.

गर्भजलातील पेशींवरून जनुकीय विकारांबरोबर गर्भाचे लिंगही कळते. मुंबईसह महाराष्ट्रातील शहरांत 1980 च्या दशकात या सोयीचा वापर मुली नाकारण्यासाठी झाला. स्त्री संघटना आणि डॉक्टरांच्या लढ्यातून 1988 मध्ये राज्याने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला आणि 2003 मध्ये त्याची व्याप्ती वाढली. तोवर सोनोग्राफी हाताशी आली होती. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 उरल्या.

आज बिलिरुबिनची तपासणी बहुतांशी मागे पडली आहे. गर्भाचा रक्तक्षय मेंदूच्या रक्तवाहिनीच्या डॉप्लर तपासणीतून ओळखला जातो, तेही सुई न टोचता. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राला गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी दर्शनी भागात लावावी लागते आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो. गर्भाचे लिंग सांगणे आणि त्यासाठी तपासणीची मागणी करणे, दोन्ही गुन्हे आहेत. कायद्यात नमूद केलेल्या जनुकीय विकारांची किंवा जन्मदोषांची शंका असल्यास मात्र नोंदणीकृत केंद्रात गर्भजल परीक्षा आजही करून घेता येते.