पनवेलच्या आभाळातले दोन ससाणे

बेलपाडा वसलं आहे ते खारघरचा डोंगर आणि पनवेलची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. आता तिथून मेट्रो धावते, चहूबाजूंनी इमारती उभ्या आहेत. पण एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खाजण हे बहिरी ससाण्याच्या पसंतीचं दृश्य आहे. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर या ससाण्याची दोन वेगळी कुळं वावरतात.

एक पाहुणा. त्याचा जन्म आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशातला. तिथं थंडी आवळू लागली की हजारो किलोमीटर उडून तो इकडे येतो आणि खाडीच्या गाळात चरणाऱ्या तुतवारांच्या, चिखल्यांच्या थव्यांवर जगतो. त्यातले बरेच पक्षीही उत्तरेतूनच आलेले असतात. दुसरा शाहीन, इथलाच रहिवासी. डोकं काळंभोर, पोट तांबूस, अंगाने पाहुण्यापेक्षा लहान. सह्याद्रीच्या कड्यांवर तो बारमाही राहतो. पारवे, पोपट, पाकोळ्या मारतो आणि तिन्हीसांजेला वटवाघळंही. दोन्ही कुळांत मादी नरापेक्षा चांगली थोराड.

बहिरी म्हटलं की वेगाची चर्चा होते. व्हायलाच हवी, कारण ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारा त्याचा सूर प्राणिसृष्टीत अजोड आहे. हा वेग त्याला उंचीतून मिळतो. सरळ पाठलागात एखादा तगडा पारवाही त्याला हुलकावणी देतो. म्हणून तो आधी उंच चढतो आणि मग पंख अंगाशी मिटून स्वतःला खाली सोडतो. मला त्याहून विलक्षण वाटतो तो त्याचा नेम. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ससाण्यांवर चिमुकले कॅमेरे आणि जीपीएस बसवले. भक्ष्याकडे रोखलेल्या नजरेची दिशा जितक्या वेगाने बदलते, त्या प्रमाणात ससाणा आपली वाट वळवतो, असं त्यांनी २०१७ साली दाखवून दिलं. क्षेपणास्त्रंही हाच नियम पाळतात. पुढच्याच वर्षी संगणकावरच्या अभ्यासातून आणखी एक उलगडा झाला. वेग वाढला की पंखांना मिळणारा हवेचा जोरही वाढतो, त्यामुळे सूर मारलेला ससाणा झटकन वळू शकतो. पारव्याने ऐन वेळी घेतलेली गिरकी म्हणूनच वाया जाते. पंजाचा फटका बसतो आणि चोचीच्या कडेवरचा दातासारखा उंचवटा मानेचे मणके तोडतो.

असा हा पक्षी विसाव्या शतकात अंड्याच्या कवचापाशी हरला. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांत जपलेली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच पातळ होत गेल्याचं त्यांनी १९६७ साली मांडलं. कारण होतं डीडीटी हे कीटकनाशक. किड्यांतून लहान पक्ष्यांत, त्यांच्यातून ससाण्यात हे विष साठत जाई आणि कवचाला लागणारं कॅल्शियम अडवी. उबवायला बसलेल्या आईच्याच भाराने अंडी फुटत. अमेरिकेच्या पूर्व भागात त्याची वीण पार थांबली. १९७२ची बंदी आणि माणसांनी वाढवून सोडलेली हजारो पिल्लं, यामुळे तो परतला. १९९९ साली तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

पनवेलकरांना डीडीटी परकं नाही. जवळच्या रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात ते तयार होत असे. शेतीतला त्याचा वापर भारताने १९८९ साली बंद केला, हिवतापासाठीची फवारणी मात्र चालू राहिली.

शाहीन घरटं बांधत नाही. कपारीतली माती उकरून केलेल्या उथळ खळग्यात मादी तीन-चार अंडी घालते. महिनाभर उबवणं, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी पाच-सहा आठवडे. हे सगळं बहुतेक डिसेंबर ते एप्रिलमध्ये घडतं, म्हणजे नेमकं ट्रेकिंगच्या आणि प्रस्तरारोहणाच्या हंगामात. कर्नाळा किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याची चढणाऱ्यांना ओढ वाटते आणि शाहीनलाही अशाच जागा लागतात. माणूस दोर टाकून कपारीजवळ पोचला की आईबाप ओरडत घिरट्या घालतात आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडून उन्हात तापतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बहिरीचं नाव आहे, पण कड्यावर पहारा ठेवायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून दोर बांधण्याआधी दुर्बिणीने कडा नीट न्याहाळावा. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ आणि पायथ्याशी पारव्या-पोपटांची पिसं दिसली, तर त्या मोसमापुरती दुसरी वाट धरावी.